नाकातले पॉलिप आणि वनौषधी: काय जमतं, काय नाही आणि वापरायचं कसं

काढा पिऊन नाकातला पॉलिप गळून पडत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण वनौषधींकडे वळताना बहुतेकांच्या मनात हीच अपेक्षा असते आणि ती पुरी होण्याची वाट पाहण्यात वास घेण्याची शक्ती निघून जाते. वनौषधींचा उपयोग आहे, पण तो पॉलिपच्या भोवतालची सूज, चिकट कफ आणि ॲलर्जी यांच्यावर, तोही नाक रोज धुतलं जात असेल आणि नेमकं निदान झालेलं असेल तरच.

पॉलिप म्हणजे नेमकं काय

नाक आणि सायनस (नाकाभोवतीच्या हाडांमधल्या पोकळ्या) यांना आतून ओलं, नाजूक अस्तर असतं. त्याची सूज महिनोन्महिने उतरली नाही की त्यात पाणी साठत जातं आणि अस्तर फुगून खाली लोंबू लागतं. सोललेल्या द्राक्षासारखा फिकट, करडा, अर्धपारदर्शक असा हा कोंब बहुतेक वेळा दोन डोळ्यांच्या मधल्या बारीक पोकळ्यांमधून उतरतो. आत मुख्यतः पाणी, रक्तवाहिन्या थोड्या आणि संवेदना जवळजवळ नाही. म्हणून तो दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून उशिरा कळतो. हा कर्करोग नव्हे.

'नाकाचं हाड वाढलंय' किंवा 'नाकात मांस वाढलंय' असं ज्याला सरसकट म्हटलं जातं ते बरेचदा पॉलिप नसतंच. नाकपुडीत टॉर्च मारून आरशात पाहिलं की बाहेरच्या भिंतीवर एक गुलाबी-लाल फुगवटा सगळ्यांनाच दिसतो. तो नाकाचा नैसर्गिक भाग आहे. सर्दीत सुजतो, थेंब टाकले की आकसतो आणि कापसाची काडी लागली तर झोंबतो. पॉलिप फिकट असतो, स्पर्श केलेला कळत नाही आणि चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या थेंबांनी त्याला फारसा फरक पडत नाही. छोटे पॉलिप तर वरच्या कोपऱ्यात दडलेले असतात, ते टॉर्चने दिसणारच नाहीत. त्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडची दुर्बिणीची तपासणी लागते. ती काही मिनिटांत होते.

घरी एक गोष्ट मात्र नीट पाहता येते. निरोगी माणसाचीही एक नाकपुडी थोडी बंद आणि दुसरी मोकळी असते, आणि काही तासांनी बाजू बदलते. तुमच्या नाकाची चोंदलेली बाजू अशी बदलत असेल तर दोष बहुधा अस्तराच्या सुजेचा आहे. तीच बाजू किंवा दोन्ही बाजू दिवसरात्र बंद राहत असतील, वास येईनासा झाला असेल, घशात सतत कफ उतरत असेल आणि हे १२ आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर पॉलिपची शंका घ्यावी.

वासाची चाचणीही घरी होते, पण ती चुकीच्या वस्तूने केली जाते. कापूर, निलगिरी, बाम यांचा झोंबरेपणा वेगळ्याच नसेतून कळतो. वास पूर्ण गेलेल्या माणसालाही ते 'जाणवतात'. त्याऐवजी कॉफीची पूड, लवंग आणि साबणाचा तुकडा तीन बंद डब्यांत ठेवा. डोळे मिटून, एक नाकपुडी दाबून, दुसऱ्याने पुढे धरलेला डबा ओळखा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा.

पॉलिप सहसा दोन्ही बाजूंना असतात. एकाच बाजूला काही लोंबताना दिसत असेल, त्याच बाजूने रक्त येत असेल, तर वनौषधीचा विचार बाजूला ठेवून आधी तपासणी. एका बाजूची गाठ साधा पॉलिप असू शकते, तशीच बुरशीची किंवा अर्बुदाचीही (ट्यूमर) असू शकते. लहान मुलांमध्ये पॉलिप क्वचितच होतात. मुलाच्या नाकात कोंब दिसला तर त्याला हात लावू नये, सुईने टोचू तर मुळीच नये. क्वचित तो मेंदूच्या आवरणाचा खाली उतरलेला भाग असतो.

दमा आणि वेदनाशामक गोळ्या

पॉलिप असलेल्या अनेकांना दमाही असतो. नाक आणि फुप्फुसं यांच्या नळ्यांत एकाच प्रकारची सूज चालू असते. यातल्या काहींना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या घेतल्यावर अर्ध्या ते तीन तासांत नाक गच्च होणं, डोळे लाल होणं, छाती भरून येणं असा त्रास होतो. पॉलिप, दमा आणि या गोळ्यांचं वावडं अशी ही तिहेरी जोडी आहे. त्यांचे पॉलिप हट्टी असतात आणि शस्त्रक्रियेनंतरही पुन्हा येतात. मद्याचे एक-दोन घोट घेतल्यावर नाक बंद होत असेल तर तीही याच दिशेची खूण समजावी. अशा माणसांना ताप-अंगदुखीवर एका वेळी ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल बहुधा चालतं. वनौषधी निवडताना त्यांनी विलोची साल आणि गंधपुऱ्याचं तेल टाळलेलं बरं. दोन्हींत ॲस्पिरिनच्याच घराण्यातली द्रव्यं असतात आणि गंधपुरा अनेक बामांमध्ये असतो.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं

सगळ्या घरगुती उपायांत सर्वांत भरवशाचा उपाय हाच आणि नेमका तोच अर्धवट केला जातो. पॉलिप धुऊन जात नाहीत. पण धूळ, परागकण, साठलेला कफ आणि सूज वाढवणारी द्रव्यं निघून जातात आणि त्यानंतर मारलेला स्टेरॉइडचा स्प्रे कफावर न बसता अस्तरावर बसतो.

१ लिटर पाणी खळखळून उकळा. उकळी फुटल्यावर ३ ते ५ मिनिटं उकळत ठेवा आणि झाकून कोमट होऊ द्या. नळाचं पाणी पिण्यालायक असलं तरी तसंच नाकात घालू नये. पोटातलं आम्ल ज्या अमिबाला मारतं तो नाकातून मेंदूपर्यंत पोचू शकतो. नेग्लेरिया फाउलेरी हे त्याचं नाव. आजार दुर्मीळ, पण झाला तर जवळजवळ नेहमीच प्राणघातक. घरगुती फिल्टरवर इथे विसंबू नका.

कोमट पाण्यात ९ ग्रॅम मीठ आणि साधारण अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा घाला. बारीक मिठाचा ५ मिलीचा सपाट चमचा सुमारे ६ ग्रॅमचा असतो, म्हणजे दीड चमचा. खडेमिठाला हे माप लागू पडत नाही, कारण खड्यांमध्ये पोकळी राहते. ते वजनकाट्यावरच मोजा. आयोडीनयुक्त मिठाने अपाय होत नाही, पण काहींना चुरचुरतं. मीठ कमी पडलं किंवा जास्त झालं, दोन्ही वेळा आग होते, त्यामुळे 'झोंबतंय म्हणून मीठ कमी करू' हा उपाय उलटा पडतो. उरलेलं पाणी झाकून ठेवा आणि २४ तासांनी टाकून द्या.

पॉलिप असलेल्या नाकात जलनेतीच्या छोट्या भांड्याची धार बरेचदा पुरत नाही. २४० मिलीची दाबायची बाटली जास्त चांगली. बेसिनवर ओणवे व्हा, डोकं किंचित एका बाजूला कलतं ठेवा, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्या आणि वरच्या नाकपुडीतून हलक्या दाबाने अर्धी बाटली सोडा. 'क-क-क' असा आवाज काढत राहिलात तर टाळू वर उचलली जाते आणि पाणी घशात कमी उतरतं. पाणी दुसऱ्या नाकपुडीतून किंवा तोंडातून बाहेर येईल, दोन्ही ठीक. मग बाजू बदला. दिवसातून एकदा तरी, त्रास जास्त असेल तर दोनदा.

कानात दडा बसत असेल तर दाब जास्त आहे किंवा तुम्ही मधेच आवंढा गिळताय. धुऊन झाल्यावर दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरलं तरी पाणी कानाकडे जातं. एकेक बाजू मोकळी ठेवून हलकेच शिंकरा. तासाभराने खाली वाकल्यावर नाकातून एकदम पाणी सांडलं तर घाबरू नका, सायनसमध्ये अडकलेलं पाणी आहे. झोपायच्या अगदी आधी धुऊ नये ते याचसाठी. नाक दोन्ही बाजूंनी पूर्ण बंद असेल, कानाच्या पडद्याला भोक असेल किंवा कानाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बाटली रोज साबणाने धुऊन उलटी वाळवा आणि ३ महिन्यांनी बदला.

स्प्रे टाकून देऊ नका

मोमेटासोन, फ्लुटिकासोन किंवा बुडेसोनाइड या स्टेरॉइड स्प्रेंचा धसका अनेकांना असतो आणि मग वनौषधी त्यांच्या जागी घेतली जाते. नाकातल्या मात्रेतून शरीरात फार थोडं औषध जातं. पॉलिप लहान ठेवण्याचा पुरावा या स्प्रेंमागे कोणत्याही वनौषधीपेक्षा कितीतरी भक्कम आहे. 'स्प्रेने काही होत नाही' या तक्रारीमागे बहुधा मारायची पद्धत असते. नाक धुतल्यावर १०-१५ मिनिटं थांबा. डोकं मागे टाकू नका, किंचित पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा, म्हणजे नळीचं टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने वळतं. मधल्या पडद्यावर रोज फवारा बसला की तो सुकतो, खपली धरतो, रक्त येतं. जोरात ओढून घेऊ नका. औषधाची चव घशात आली तर ते नाकात राहिलेलं नाही. गुण यायला ४ ते १२ आठवडे लागतात.

याउलट नाक झटपट मोकळं करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब ५ दिवसांपेक्षा जास्त वापरू नयेत. त्यांची सवय लागली की थेंबांशिवाय नाक उघडतच नाही.

पोटात घ्यायच्या वनौषधी

निलगिरीतलं मुख्य द्रव्य सिनिओल. त्याच्या आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूल, २०० मिलिग्रॅम दिवसातून ३ वेळा, अशा मात्रेत तीव्र सायनस-सर्दीवर आणि दम्यावर चाचण्या झाल्या आहेत. कफ पातळ होतो आणि सूज थोडी कमी होते. पॉलिप विरघळल्याचं त्यात दिसलेलं नाही. जेवणाआधी अर्धा तास साध्या पाण्याबरोबर घेतात. जळजळ होत असेल तर जेवणानंतर. पण हे कॅप्सूलबद्दल. बाटलीतलं निलगिरी तेल पोटात घेणं म्हणजे विषबाधेला आमंत्रण, लहान मुलाला तर चमचाभरही जिवावर बेतू शकतं.

हळदीतल्या करक्युमिनने ॲलर्जीच्या सर्दीत शिंका आणि चोंदणं कमी झाल्याचं आढळलं आहे. त्या चाचणीतली मात्रा रोज ५०० मिलिग्रॅम, २ महिने. पॉलिपबरोबर शिंका, खाज, पाण्यासारखी सर्दी असेल तर करून पाहायला हरकत नाही. दुधातल्या चिमूटभर हळदीत मात्र एवढं करक्युमिन कुठून येणार? हळदीच्या वजनात ते जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास असतं. मिरीचा अर्क मिसळलेल्या जोरकस गोळ्यांनी ते जास्त शोषलं जातं खरं, पण अशा गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. लघवी गडद, डोळे पिवळे, भूक मंद झाली तर लगेच थांबवा. पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर घेऊच नका.

कलौंजीच्या तेलाचा पुरावा याहून पातळ आणि तोही ॲलर्जीच्या सर्दीपुरता. ज्येष्ठमधाने घसा निवतो, पण आठवडेच्या आठवडे घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना तर ते नकोच. शेवंतीच्या कुळातल्या वनस्पती, म्हणजे कॅमोमाइल आणि एकिनेशिया, यांनी परागकणांची ॲलर्जी असलेल्यांचं नाक उलट भडकू शकतं. आलं-तुळशीचा गरम काढा जरूर प्या. गरम पेयाने चोंदल्याची भावना लगेच कमी होते, नाकातला हवेचा मार्ग मोजला तर तो मात्र तेवढाच असतो.

वाफेचंही तसंच. भांडं गॅसवरून उतरवून स्थिर टेबलावर ठेवा, चेहरा हातभर लांब, ५ ते १० मिनिटं, साधं पाणी. निलगिरी घालायचीच तर एक थेंब. वाफेने कफ सुटतो, पॉलिप आकसत नाही, आणि भांडं कलंडून भाजल्याच्या घटना काही कमी नाहीत. मुलांना वाफ देऊच नये. २ वर्षांखालच्या मुलाच्या नाकाजवळ कापूर किंवा मेंथॉल नेऊ नये, श्वासनळी आवळू शकते.

नाकात घालायच्या वनौषधी

इथे हात आखडता घ्यावा. नस्यासाठीचं, म्हणजे नाकात थेंब सोडण्याच्या आयुर्वेदिक उपचाराचं, अणुतेल कोरड्या, खपल्या धरणाऱ्या नाकाला मऊपणा देतं. रोजच्या नस्याची मात्रा प्रत्येक नाकपुडीत २ थेंब, अंगाच्या तापमानाइतकं कोमट, घशात उतरलेलं थुंकून टाकायचं. पॉलिपने बंद झालेल्या नाकात मात्र तेल कोंबावरच थबकतं, सायनसपर्यंत पोचत नाही. आणि तेल वर्षानुवर्षं, विशेषतः झोपताना, थोडं थोडं फुप्फुसात उतरत राहिलं तर तिथे चरबीचा न्यूमोनिया होतो. दमा असलेल्यांनी आणि मुलांमध्ये तेलाचं नस्य करू नये. बाकीच्यांनी वैद्याच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवसांपुरतं.

देवडांगरीचा रस, लसणाचा रस, टी ट्री तेल, व्हिनेगर, तुरटीचं दाट पाणी यांपैकी काहीच नाकात घालू नका. देवडांगरीने नाकातून धो-धो पाणी वाहतं, त्यामुळे 'रोग बाहेर पडतोय' असं वाटतं. खरं तर अस्तर भाजलेलं असतं आणि रक्त येतं. दाहक लेप मधल्या पडद्याला भोक पाडू शकतात, आणि ते भोक आपोआप बुजत नाही. मिरचीतल्या कॅप्सायसिनने पॉलिपला थोडा फायदा होतो असं काही चाचण्यांत दिसलं, पण ते दवाखान्यात, मोजलेल्या मात्रेत. पुरावाही कच्चाच आहे.

आयुर्वेदात याला नासार्श म्हणतात. सुश्रुतसंहितेत अर्शावर, म्हणजे अशा मांसल कोंबावर, भेषज (औषध), क्षार (दाहक लेप), अग्नी (डाग देणं) आणि शस्त्र (कापून काढणं) असे चार उपाय सांगितले आहेत. नुसतं औषध पुरतं ते नव्या, फारसा उपद्रव नसलेल्या अर्शांना. म्हणजे मोठा कोंब काढ्याने जाईल असा दावा तिथेही नाही.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. 'आठवड्यात पॉलिप वितळवणारी' पुडी घेतली आणि खरंच चार दिवसांत नाक उघडलं, वास परत आला, तर खूश होण्याआधी शंका घ्या. इतक्या वेगाने पॉलिप आकसवणारं पोटातलं औषध म्हणजे स्टेरॉइड, आणि विनालेबल पुड्यांत ते मिसळलेलं सापडतं. भूक अचानक वाढणं, चेहरा गोल होणं, झोप उडणं, मधुमेह्याची साखर चढणं या त्याच्या खुणा. अशी पुडी महिनोन्महिने घेतली असेल तर एकदम बंदही करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तोवर बनेनासं झालेलं असतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. भस्मयुक्त गोळ्यांत शिसं-पारा असू शकतो, तीही नोंद ठेवा.

गुण येतोय का, हे कसं ठरवायचं

एका वेळी एकच बदल. पहिले ४ आठवडे फक्त धुणं आणि स्प्रे. मग एक वनौषधी ८ आठवडे. दर रविवारी चोंदणं, वास, घशात उतरणारा कफ आणि झोप यांना ० ते १० गुण द्या. ८ आठवड्यांनी वनौषधी २ आठवडे थांबवा. आकडे बिघडले नाहीत तर ती तुमच्यासाठी काम करत नव्हती, पैसे वाचवा. ॲलर्जीचा मोसम मधेच संपला तर सगळं श्रेय औषधाला जातं, तेवढं ध्यानात ठेवा.

१२ आठवडे नीट करूनही वास परत आला नाही, तर पुढचे उपाय डॉक्टरांकडे आहेत: स्टेरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्स, दुर्बिणीची शस्त्रक्रिया, आणि हट्टी आजारासाठी २०१९ पासून वापरात आलेलं डुपिलुमॅबसारखं इंजेक्शन. शस्त्रक्रिया ठरली तर हळदीच्या गोळ्या, लसूण, आलं, गिंको यांचे अर्क किमान २ आठवडे आधी बंद करा आणि काय काय घेत होता ते भूलतज्ज्ञाला सांगा. यांनी रक्तस्राव वाढू शकतो. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगतील तेव्हा मिठाच्या पाण्याने धुणं पुन्हा सुरू होतं, ते थांबवू नका.

डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, तापाबरोबर असह्य डोकेदुखी, मान आखडणं यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, रुग्णालय गाठा. खाली वाकल्यावर एकाच नाकपुडीतून पाण्यासारखा स्वच्छ थेंब वारंवार गळत असेल, तोही मेंदूभोवतालचा द्रव असू शकतो. तेव्हा नाक धुऊ नका आणि शिंकरूही नका. आणि वास गेलेला आहे तोवर घरात गॅसगळती सांगणारं यंत्र बसवा, उरलेल्या जेवणाच्या डब्यावर तारीख लिहा.